गंजच जेव्हा ढाल बनतो...

मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर, उरण आणि करंजाच्या परिसरात द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. रामायणातील संजीवनीच्या पर्वताची आठवण करून देणारे नाव, माथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष, एका बाजूला समुद्र आणि आसपास मिठागरांची सपाटी, अशी या भागाची जुनी ओळख. आता सिडकोने याच नावाने नवी मुंबईचा एक विभाग वसवला आहे. ओएनजीसीचा उरण प्रकल्प, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर आणि बोकडविरा येथील महानिर्मितीचे वायू विद्युत केंद्र ही सारी याच पंचक्रोशीतील. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत धावू लागली आणि हा भाग मुंबईकरांना अधिकच जवळचा झाला.

येथे राहायला येणाऱ्याला खाऱ्या वाऱ्याचा प्रताप समजायला फार दिवस लागत नाहीत. खिडकीच्या ग्रिलचा रंग कोठे जरासा निघाला, की तेथून तांबडा गंज डोके वर काढतो आणि काही पावसाळ्यांत सळई पोखरून टाकतो. मात्र हीच हवा आत ओढणाऱ्या विद्युत केंद्रातील टर्बाइनची पाती सुमारे हजार अंश सेल्सिअस तापमानाच्या वायुझोतात हजारो तास फिरत राहतात. साध्या हवेत ग्रिल गंजावी आणि आगीच्या लोटात पाती टिकावीत, हे कसे? पाती मुळी गंजतच नाहीत, असे कोणाला वाटेल. पण ते खरे नाही. तीही गंजतात. मात्र त्यांच्यावर चढणारा ‘गंज’ त्यांना खात नाही, राखतो. माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतकाही जाड नसलेला हा थर शाबूत आहे तोवर यंत्र शाबूत असते. हा थर कसा तयार होतो, कशामुळे टिकतो आणि कशामुळे फुटतो, हे समजून घेणे म्हणूनच केवळ धातुशास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा विषय राहत नाही. आपल्या घरी येणाऱ्या विजेचा भाव आणि भरवसा, दोन्ही त्याच्याशी जोडलेले आहेत.

लोहाराच्या ऐरणीवरील धडा

तापून लाल झालेले लोखंड ऐरणीवर ठेवून लोहार घणाचा घाव घालतो, तेव्हा ठिणग्यांबरोबर काळे-करडे पापुद्रेही उडतात. दिवसअखेर ऐरणीभोवती त्यांचा खच पडलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावलेले लोखंडच. खिडकीवरील तांबड्या गंजाला पाणी लागते. ओलावा नसेल तर तो धरत नाही. तापलेल्या धातूला पाण्याची गरज नसते. तेथे ऑक्सिजन थेट धातूवर चाल करून येतो. या क्रियेला उच्च तापमानातील ऑक्सिडीकरण म्हणतात.

सोन्यासारखे अपवाद सोडले तर बहुतेक धातूंना ऑक्सिजनची ओढ असते. लोखंड काय किंवा अ‍ॅल्युमिनियम काय, खाणीत ते सापडते ते ऑक्सिजनच्या सोबतीनेच. भट्टीत प्रचंड ऊर्जा खर्चून आपण त्यांची ताटातूट करतो. संधी मिळताच धातू पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे वळू पाहतो आणि तापमान वाढले की या परतीच्या प्रवासाला वेग येतो. मग तापलेल्या लोखंडाचा तुकडा भट्टीत क्षणार्धात भस्मसात का होत नाही? कारण पहिला थर तयार होताच तो धातू आणि हवा यांच्यामध्ये येतो. पुढचा संयोग घडण्यासाठी एकतर धातूच्या कणांनी थरातून बाहेर यावे लागते किंवा ऑक्सिजनच्या कणांनी आत जावे लागते. म्हणजे थर जेवढा अभेद्य, तेवढे ऑक्सिडीकरण मंद.

लोखंडाचे दुर्दैव असे, की त्याचा थर अभेद्य नसतो. सुमारे ५७० अंशांच्या वर लोखंडावर तीन निरनिराळे थर चढतात : सर्वांत आत वुस्टाइट, मध्ये मॅग्नेटाइट आणि बाहेर हेमॅटाइट. हजार अंशांच्या आसपास एकूण जाडीचा सुमारे ९५ टक्के भाग एकट्या वुस्टाइटचा असतो. या वुस्टाइटच्या स्फटिकात लोहाच्या कितीतरी जागा मुळातच रिकाम्या असतात. गच्च भरलेल्या लोकलच्या डब्यात माणसाला जागचे हलता येत नाही. जागा रिकाम्या असल्या, की दारापर्यंत पोहोचणे सोपे जाते. लोहाचे कणही या रिकाम्या जागांतून सरकत सरकत पृष्ठभागी येतात आणि ऑक्सिजनला मिळतात. थर जाड होत जातो, थंड होताना तडकतो, पापुद्रा होऊन गळून पडतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणूनच साध्या लोखंडाची शेगडीची जाळी काही वर्षांत झिजून पातळ होते.

थराची प्रतवारी

कोणता थर राखणारा आणि कोणता नुसताच फुगणारा, हे ओळखण्याचा पहिला सोपा निकष १९२३ साली पिलिंग आणि बेडवर्थ या दोन संशोधकांनी मांडला. धातूच्या काही भागाचे ऑक्साइड झाले तर त्या ऑक्साइडचे आकारमान मूळ धातूच्या किती पट होते, हे त्यांनी तपासले. मॅग्नेशियमसाठी हे प्रमाण सुमारे ०.८१ आहे. म्हणजे ऑक्साइड धातूपेक्षा कमी जागा व्यापते आणि अपुऱ्या पांघरुणासारखे सर्व पृष्ठभाग झाकू शकत नाही. अ‍ॅल्युमिनियमसाठी ते १.२८ आहे, पांघरूण पुरते आणि ताणही फारसा पडत नाही. टंगस्टनसाठी ते तिपटीहून अधिक असल्याने थर दाटीवाटीने फुगतो आणि फुटतो. या निकषाला अपवाद पुष्कळ आहेत. क्रोमियमचे प्रमाण दुपटीहून अधिक असूनही त्याचा थर उत्तम राखण करतो. तरीही थराची घडण आणि त्यातील ताण यांकडे लक्ष वेधण्याचे काम या निकषाने केले.

याच काळात वेगाचे गणितही उलगडले. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह टामान यांनी १९२० साली दाखवून दिले, की अखंड थराची वाढ काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. तसे का होते, याची मीमांसा कार्ल वॅग्नर यांनी १९३३ साली केली. थर जसा जाड होतो तसा कणांना पार करावा लागणारा मार्ग लांबतो, म्हणून वाढ आपोआप मंदावते, हे त्यांच्या सिद्धांताचे सार. साध्या हिशेबाने याचे महत्त्व पटेल. पहिल्या १०० तासांत थराची जाडी १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग झाली, असे धरू. अखंड थराच्या बाबतीत ४०० तासांनी ती २ मायक्रॉन आणि १० हजार तासांनी अवघी १० मायक्रॉन होईल. तोच थर सतत फुटत राहिला आणि वाढीचा आरंभीचा वेग कायम राहिला, तर त्याच १० हजार तासांत १०० मायक्रॉन जाडीच्या थराइतका धातू खर्ची पडेल. यंत्र वर्षभर चालणार की दहा वर्षे, याचा निर्णय असा थराच्या अखंडपणावर ठरतो.

क्रोमियमची किमया

लोखंडाचा थर राखण करत नसेल तर राखण करणाऱ्या धातूला लोखंडात मिसळावे, ही कल्पना पुढे क्रांतिकारक ठरली. १९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले आणि त्यातून आपल्या स्वयंपाकघरातील स्टेनलेस स्टीलचा संसार उभा राहिला. मिश्रधातूतील क्रोमियम लोखंडाआधी ऑक्सिजनला गाठते आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचे पातळ, दाट आवरण तयार करते. साध्या हवेत त्यासाठी ११-१२ टक्के क्रोमियम पुरते. उष्णता वाढली की अठरा-वीस टक्के किंवा त्याहून अधिक लागते. क्रोमियम कमी पडले तर त्याचे ऑक्साइड बेटांसारखे विखुरलेले राहते, सलग आवरण होत नाही.

हे आवरण एरवी डोळ्यांना दिसत नाही. मात्र गॅसवर ठेवलेले स्टीलचे पातेले विसरले आणि आतले पाणी आटून ते कोरडेच तापले, की त्याच्या बुडावर सोनेरी, जांभळ्या, निळ्या छटा उमटतात. तो डाग किंवा काजळी नसते. उष्णतेने जाड झालेल्या ऑक्साइडच्या थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशकिरणांची सरमिसळ होऊन ते रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर दिसणाऱ्या रंगांचे कारणही हेच.

विजेच्या इस्त्रीतील किंवा शेगडीतील तापणारी तार हे दुसरे घरगुती उदाहरण. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली निकेल आणि क्रोमियमच्या ज्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले, ती नायक्रोम या नावाने जगभर पसरली. साधी लोखंडी तार लाल तापवली तर लवकरच जळून तुटते. नायक्रोमची तार वर्षानुवर्षे टिकते. तीही पहिल्या दिवशी ऑक्सिजनशी संयोग पावते, पण त्यातून तयार झालेला थरच पुढे तिचे रक्षण करतो.

क्रोमियमलाही मर्यादा आहेत. सुमारे हजार अंशांच्या पुढे क्रोमियम ऑक्साइड आणखी ऑक्सिजन घेऊन वायुरूप होऊ लागते. खालून थर वाढतो आणि वरून उडून जातो. वाऱ्याचा झोत वेगवान असेल किंवा हवेत वाफ असेल, तर हा नाश अधिक जलद होतो. याहून अधिक उष्णतेत टिकायचे तर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा आश्रय घ्यावा लागतो. माणिक आणि नीलम ही रत्ने ज्या पदार्थाची बनलेली असतात तोच हा पदार्थ. त्याच्या घट्ट विणलेल्या स्फटिकातून कणांना सरकणे अतिशय कठीण जाते, त्यामुळे हा थर फारच संथ गतीने वाढतो.

उरणची यंत्रे आणि तापमानाची हाव

मुंबईच्या समुद्रात १९७४ साली ‘बॉम्बे हाय’चा तेलसाठा सापडला आणि १९७६ पासून तेथून उत्पादन सुरू झाले. तेलासोबत येणारा वायू उरणच्या किनाऱ्यावर आला. त्याच्या आधारे तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने येथे वायू टर्बाइन उभारल्या. पहिले संच १९८२ साली सुरू झाले. ६० मेगावॉटचे ते जुने संच पुढे निवृत्त झाले. मंडळाचे २००५ साली विभाजन झाल्यावर केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. केंद्राची ६७२ मेगावॉट ही क्षमता १०८ मेगावॉटचे चार वायू संच आणि त्यांच्या टाकाऊ उष्णतेवर चालणारे १२० मेगावॉटचे दोन बाष्प संच मिळून होते. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक क्षमता वेगळे इंधन न जाळता मिळणारी आहे.

वायू टर्बाइनचे तत्त्व सोपे आहे. बाहेरची हवा ओढून ती दाबायची, तिच्यात वायू जाळायचा आणि निघालेल्या तप्त झोताने पाती फिरवायची. हा झोत जितका ऊन, तितकी त्याच इंधनातून अधिक वीज. म्हणून गेल्या सात-आठ दशकांत अभियंत्यांची सारी धडपड तापमान वाढवण्याकडे राहिली आहे. ऐंशीच्या दशकातील मोठ्या यंत्रांत पात्यांवर येणारा झोत साधारण हजार-अकराशे अंशांचा असे. आजच्या सर्वांत प्रगत यंत्रांत तो १६०० अंशांच्या घरात गेला असून वायू आणि वाफ यांच्या जोडचक्राने इंधनातील ६० टक्क्यांहून अधिक उष्णतेचे विजेत रूपांतर होते. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूंची असतात त्या मात्र १३०० ते १४०० अंशांच्या दरम्यान वितळतात! पात्याच्या पोटातून थंड हवा खेळवून आणि वरून आवरणे चढवून ही अशक्य वाटणारी गोष्ट साधली जाते.

येथे एक पेच आहे. १९४०च्या दशकातील आरंभीच्या मिश्रधातूंत सुमारे २० टक्के क्रोमियम असे. ऑक्सिडीकरणाची चिंता नव्हती. पुढे अधिक उष्णतेत ताण सोसण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम, टंगस्टन आदींचे प्रमाण वाढवावे लागले आणि क्रोमियम कमी करावे लागले. ताकद वाढली, पण संरक्षण घटले. त्यावर तोडगा म्हणून कामाची विभागणी झाली. भार पेलण्याचे काम आतील धातूने करायचे आणि आगीला तोंड देण्याचे काम वरच्या लेपाने. निकेल किंवा कोबाल्ट, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम आणि किंचित इट्रियम यांचा हा लेप म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जणू साठवण. तापताच त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर येतो आणि कोठे फुटला तर साठ्यातील अ‍ॅल्युमिनियम पुढे सरून तो बुजवते.

अधिक तापणाऱ्या पात्यांवर याच्याही वर झिर्कोनिया या सिरॅमिकचे पांढरे आवरण चढवतात. ते उष्णता अडवते, त्यामुळे खालचा धातू झोतापेक्षा शंभरएक अंशांनी थंड राहू शकतो. मात्र झिर्कोनिया ऑक्सिजनला अडवत नाही. तो त्यातून सहज पार होतो. म्हणजे एवढे थर चढवूनही ऑक्सिजनला रोखण्याची जबाबदारी शेवटी लेप आणि सिरॅमिक यांच्यामध्ये वाढणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावरच येऊन पडते. हा थर फार जाड झाला किंवा सुटला, तर वरचे सिरॅमिकही त्याच्यासोबत निखळते.

मिठाचा मारा

समुद्रकाठच्या टर्बाइनला आणखी एका शत्रूशी झुंजावे लागते. शंभर मेगावॉटच्या आसपासचे यंत्र दर सेकंदाला काहीशे किलो हवा ओढते. समजा, ही हवा सेकंदाला ४०० किलो आहे आणि सर्व गाळण्यांतून निसटलेले मीठ हवेच्या वजनाच्या दहा कोटी भागांत अवघा एक भाग आहे. तरीही तासाला सुमारे १४ ग्रॅम आणि ८ हजार तासांच्या वर्षात सुमारे ११५ किलो मीठ यंत्रातून जाईल! इंधनातील गंधक कितीही काढून टाकले, तरी समुद्राच्या मिठातच सल्फेटचा काही अंश असतो. ज्वालेत सोडियम आणि गंधक एकत्र येऊन सोडियम सल्फेट तयार होते आणि पात्यांवर साचते.

सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळते. घन स्वरूपात ते फारसे उपद्रवी नसते. वितळले, की मात्र चहात साखर विरघळावी तसा संरक्षक ऑक्साइड त्यात विरघळू लागतो. उघड्या पडलेल्या धातूत गंधक शिरते आणि जे काम ऑक्सिडीकरणाला वर्षानुवर्षे जमले नसते, ते काही शे तासांत उरकते. यालाच तप्त क्षरण म्हणतात. त्याचा जोर सुमारे ८५० ते ९५० अंशांच्या दरम्यान अधिक असतो. त्याहून तापमान वाढले तर मीठ पात्यावर साचूच शकत नाही. निकेल आणि कोबाल्टची सल्फेटे त्यात मिसळली तर मिश्रण आणखी कमी तापमानाला वितळते, त्यामुळे ६५० ते ८०० अंशांतही दुसऱ्या प्रकारचे तप्त क्षरण संभवते. म्हणजे यंत्र थोडे थंड चालवले की पाती सुरक्षित, हा समज येथे खोटा ठरतो.

यावरचा उपाय म्हणजे पुन्हा क्रोमियम. वितळलेल्या सल्फेटला ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षा अधिक दाद देत नाही. म्हणून विमानाच्या इंजिनातील लेपात अ‍ॅल्युमिनियमला, तर जहाजांवरील आणि किनाऱ्यावरील टर्बाइनच्या लेपात क्रोमियमला झुकते माप दिले जाते. एकाच कुळातील दोन यंत्रांना वेगवेगळी चिलखते लागतात ती अशी. याखेरीज हवेच्या गाळण्या वेळेवर बदलणे, दाबयंत्राची पाती शुद्ध पाण्याने धुणे, इंधनाची शुद्धता तपासणे ही नित्याची कामे करावी लागतात. त्यांत हयगय झाली तर उत्तम मिश्रधातूही फार काळ तग धरत नाही.

थांबण्याची किंमत

सलग चालणारे यंत्र अधिक झिजते, असे आपल्याला वाटते. टर्बाइनच्या बाबतीत अनेकदा उलटे घडते. हजार अंश तापलेले दहा सेंटिमीटर लांबीचे पाते पूर्ण थंड झाले, तर धातू सुमारे दीड मिलिमीटरने आखडतो. त्यावरील अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडला मात्र सुमारे ०.८५ मिलिमीटरच आखडायचे असते. दोघे एकमेकांना चिकटलेले असल्याने थरावर प्रचंड दाब येतो. धातूवरील पकड पुरेशी घट्ट नसेल, तर तो सुरकुतून सुटतो. यंत्र पुन्हा सुरू झाले, की उघड्या जागी नवा थर येतो. पण त्यासाठी लेपातील अ‍ॅल्युमिनियम खर्च होते. असे पुनःपुन्हा झाले, की साठा संपतो आणि मग निकेलसारख्या धातूंचे जलद वाढणारे, ठिसूळ ऑक्साइड मैदान मारतात.

थराची पकड कशी वाढवावी, याचे उत्तर १९३०च्या दशकात काहीसे योगायोगानेच सापडले. दुर्मिळ मृत्तिका गटातील सिरियमसारखे मूलद्रव्य किंचित, टक्क्याच्या दहाव्या भागाइतके मिसळले, की तापणाऱ्या तारांचे आयुष्य कितीतरी वाढते, असे दिसून आले. त्याबाबतचे पेटंट १९३७ सालचे आहे. त्यामागील एक महत्त्वाचे कारण मात्र १९८०च्या दशकात उमगले. धातूत दशलक्ष भागांत काही भाग एवढेच असलेले गंधक धातू आणि थर यांच्या सांध्यात जमून पकड ढिली करते. इट्रियमसारखी मूलद्रव्ये या गंधकाला धातूतच बांधून ठेवतात.

या शास्त्राचा व्यवहारातील अर्थ देखभालीच्या हिशेबात उतरला आहे. टर्बाइन किती तास चालली याबरोबरच ती किती वेळा सुरू झाली, हेही मोजले जाते. काही यंत्रांत एक सुरुवात म्हणजे दहा तासांचे चालणे असे धरतात. नैसर्गिक वायूच्या अपुऱ्या पुरवठ्यामुळे उरणच्या केंद्राला अनेक वर्षे पूर्ण क्षमतेने वीजनिर्मिती करता आलेली नाही, हे सर्वश्रुत आहे. अशी ओढाताण कोठल्याही केंद्राच्या वाट्याला आली, तर न झालेल्या निर्मितीचा तोटा दिसतो, मोजला जातो. मिळेल तसा वायू घेऊन यंत्र थांबवत-चालवत राहण्याने पात्यांवरील थराचे जे नुकसान होते, ते मात्र पुढच्या तपासणीपर्यंत नजरेआड राहते.

नळीच्या आत

‘बॉयलरच्या नळीतून गळती झाल्याने संच बंद’ ही बातमी महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाची आहे. अशा गळतीची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक हाच थर आहे. सव्वापाचशे-साडेपाचशे अंशांच्या वाफेतही ऑक्सिजन असतोच, पाण्याचा घटक म्हणून. नळीच्या आतल्या पृष्ठभागावर वाफेमुळे ऑक्साइड साचत जाते. ते उष्णता नीट वाहू देत नसल्याने नळीचा धातू अधिक तापतो, अधिक तापल्याने थर अधिक वाढतो, असे दुष्टचक्र सुरू होते. संच थंड होताना हे पापुद्रे सुटतात आणि नळीच्या बाकात साचतात. पुन्हा वाफ सुरू झाली, की तिचा मार्ग अडतो, त्या जागी नळी भाजते आणि फुटते. सुटलेले पापुद्रे वाफेबरोबर पुढे गेले तर टर्बाइनची पाती खरवडतात. बॉयलरच्या सर्वाधिक तापणाऱ्या भागांत ९ टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असलेली पोलादे वापरण्याकडे कल वाढला, त्यामागे ताकदीइतकेच हेही कारण आहे.

अणुभट्टीत तर हा थर म्हणजे सुरक्षेचा प्रश्न ठरतो. तारापूरसारख्या केंद्रांत युरेनियम इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बंदिस्त असते. सुमारे तीनशे अंशांच्या पाण्यात या नळ्यांवरील ऑक्साइड उत्तम राखण करते. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीमुळे शीतन व्यवस्था बंद पडली आणि इंधन बेफाम तापले, तेव्हा हेच झिर्कोनियम वाफेतील ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेऊ लागले. मागे उरलेला हायड्रोजन साचला आणि स्फोट झाले. जो थर एका तापमानाला रक्षक असतो, तो दुसऱ्या तापमानाला नामोहरम होतो, याचे याहून भयंकर उदाहरण नाही.

उद्याची कसोटी

या विषयाच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. आयआयटी मुंबईत क्षरणशास्त्र शिकवलेले प्रा. ए. एस. खन्ना यांचे उच्च तापमानातील ऑक्सिडीकरण व क्षरण या विषयाची ओळख करून देणारे पुस्तक अमेरिकेतील एएसएम इंटरनॅशनल या संस्थेने २००२ साली प्रकाशित केले. उरणसमोर, बंदराच्या पलीकडच्या तीरावर ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुभट्ट्यांत वापरावयाच्या धातूंवर दीर्घकाळ संशोधन सुरू आहे. हैदराबादची ‘मिधानी’ ही सरकारी कंपनी निकेलच्या मिश्रधातू तयार करते. तरीही मोठ्या टर्बाइनची पाती आणि त्यांवरील लेप यांचे सर्वांत प्रगत तंत्र आजही जगातील मोजक्या कंपन्यांच्या मुठीत आहे. याचे एक कारण असे, की थराचे वागणे संगणकावर पूर्णपणे वर्तवता येत नाही. हजारो तास भट्टीत तापवून, थंड करून, वजन करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहूनच ते उमगते. हे काम चिकाटीचे असते आणि त्याला झटपट फळ येत नाही.

येत्या काळात या ज्ञानाची गरज कमी होण्याऐवजी वाढणार आहे. सौरऊर्जा वाढते आहे, पण सूर्य मावळला की विजेची मागणी मावळत नाही. अशा वेळी चटकन सुरू होणारी यंत्रे म्हणून वायू टर्बाइनकडे पाहिले जाते. दिवसा थांबायचे आणि संध्याकाळी धावायचे, ही नवी जबाबदारी पात्यांवरील थराच्या दृष्टीने सर्वांत कठीण आहे. उद्या इंधन म्हणून हायड्रोजन वापरायचे झाले, तर झोतातील वाफ वाढेल आणि क्रोमियम ऑक्साइडची धूप आणखी जलद होईल. म्हणूनच विजेचा खरा खर्च मांडताना इंधनाच्या भावाबरोबर प्रत्येक थांबण्या-चालण्यात खर्ची पडणाऱ्या या थराचाही हिशेब धरावा लागेल.

द्रोणागिरीच्या पायथ्याशी खारा वारा वाहतच राहणार आहे. घराच्या ग्रिलला वेळेवर रंग लावला नाही तर काय होते, हे तेथील रहिवाशांना ठाऊक आहे. टर्बाइनच्या पात्याला रंग लागत नाही. त्याचे आवरण ते स्वतःच तयार करते. ते तयार होण्यासाठी योग्य धातू, ते टिकण्यासाठी स्वच्छ हवा आणि ते खचले आहे की नाही हे पाहण्यासाठी वेळेवर तपासणी, एवढे मात्र माणसालाच पुरवावे लागते.